हरलेल्याच्या बाजूला

पप्पा जिंकले की उठायचे. बुद्धिबळाच्या पटाला वळसा घालून समोरच्याच्या बाजूला जायचे, त्याला थोडं सरकायला लावायचे आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसायचे. मग एकेक सोंगटी मागे नेत त्याला दाखवायचे की डाव कुठे सुटला आणि तिथे काय केलं असतं तर तो वाचला असता. आमच्या ओट्यावर हे असंच चालायचं. जिंकणाऱ्याने उठायचं, हरणाऱ्याने जागेवरच बसून राहायचं, आणि हरणाऱ्याची वाट जिंकणाऱ्याने शोधायची. हा नियम कुणी घातला ते मला माहीत नाही. पप्पा म्हणायचे, शिंदखेड्याला गावच्या पारावर त्यांनी म्हाताऱ्यांना असंच खेळताना पाहिलं होतं. गावाहून सुरतेला येताना माणसं काय काय बरोबर आणतात. पप्पांनी हे आणलं होतं.

घर दिंडोलीला होतं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत. मागच्या गल्लीत लूम्सचं खातं होतं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. त्यांची खडखड दिवसभर भिंतीतून यायची, आणि फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहायचे. वीज गेली की खातं थांबायचं, आणि मला एकदम कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असं वाटायचं. आवाज असला की मी बरी असायचे. आई पुढच्या खोलीत मांडीवर साडी पसरून खडे चिकटवायची. गोंदाचा तो गोडसर, डोकं धरणारा वास आमच्या उशांनाही होता. पप्पा पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये होते. रोज वेगळ्या रंगाची बोटं घेऊन घरी यायचे. कधी मोरपंखी, कधी राणी. साबणाने रंग निघायचा, पण नखांच्या कडांना उरायचाच, आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडताना मी त्या कडांकडे पाहून ओळखायचे की यंदा बायका कुठल्या रंगाच्या साड्या नेसणार.

रविवारी सकाळी लोचो यायचा, वाफवलेल्या डाळीचा मऊ लगदा, वर शेव आणि कच्चा कांदा, आणि त्याच्याबरोबर आई हट्टाने ठेचा वाढायची, कारण सुरती तिखट तिला तिखट वाटत नसे. मग ओट्यावर पट पडायचा. पप्पांच्या समोर बहुतेक वेळा वसंतकाका असायचे. ते शेजारचेच, पप्पांच्याच मिलमधले, आमच्याच तालुक्यातले, आणि खेळायला बेधडक. त्यांचा घोडा पहिल्या पाच मिनिटांत शत्रूच्या घरात असायचा आणि पुढच्या पाच मिनिटांत डबीत. मात झाली की ते मांडीवर थाप मारायचे.

"ये भो, दखाड आते, कोठे मरनू मी!"

पप्पा उठून त्यांच्या बाजूला जायचे. "आठे देख. हाऊ घोडा आठेच राहू देता ते वाची जाता."

"वाचीसन काय करता? पुढला डावमा मरताच ना!"

सगळे हसायचे, चहा यायचा. मी दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं पाहत मोठी झाले. तिसरी-चौथीत असताना मी खेळायला लागले तेव्हा पप्पा माझ्याशी जिंकूनही असेच उठून माझ्या बाजूला यायचे. त्यांच्या शर्टाला रसायनांचा आंबूस वास असायचा. हरण्याचा आणि त्या वासाचा माझ्या मनात इतका मेळ बसला होता की हरणं म्हणजे कुणीतरी जवळ येऊन बसणं, असंच मला वाटे.

शाळा इंग्लिश मीडियम होती, उधन्याच्या पलीकडे. तिथे मी फारशी बोलत नसे. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, वर्गात इंग्रजी, मधल्या सुट्टीत सगळ्यांची गुजराती. प्रत्येक वाक्याआधी कुठली भाषा काढायची हे ठरवेपर्यंत बोलण्याची वेळ निघून जायची. मग मी पाहायचे. कोण कुणाच्या डब्यात हात घालतं, कोण कुणाशी बोलताना आवाज बदलतं, हे मला पाठ होतं. बुद्धिबळाचा वर्ग मला म्हणूनच आवडला. देसाई सर तो शनिवारी लायब्ररीत घ्यायचे. उंच, नेहमी इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांचे नियम स्वच्छ होते: आधी हात मिळवा, मग खेळा, संपला की घड्याळ थांबवा, कागदावर सही करा, पुन्हा हात मिळवा, आणि गप्प बाहेर जा. "जीत के बाद चुप रहना भी खेल का हिस्सा है," असं ते म्हणायचे. गप्प राहण्याला मार्क असलेली ती एकच तासिका होती.

दहावीच्या वर्षी बडोद्याच्या राज्य स्पर्धेसाठी आमच्या शाळेतून एकच मुलगी जाणार होती. उरलो आम्ही दोघी, मी आणि हेत्वी. हेत्वीच्या वडिलांचा हिऱ्यांचा धंदा होता, पण तिच्या वागण्यात तो कधी दिसायचा नाही. ती स्वतःवरच चिडणारी मुलगी होती. चूक झाली की ओठ आत ओढून घ्यायची आणि अंगठ्याचं नख करंगळीत रुतवायची. मला ती आवडायची, तिला ते माहीत नव्हतं. बडोद्याची ती जागा मला इतकी हवी होती की आदल्या आठवड्यात मला जेवणाचे वास सहन होत नव्हते. मी कधी सुरतेबाहेर स्वतःच्या नावाने गेले नव्हते. गेले होते ती लग्नाला आणि तेराव्याला.

तो डाव मला आजही मांडता येतो. हेत्वीने माझं कडेचं एक प्यादं खायला वजीर लांब नेला. तिचा राजा कोपऱ्याजवळ, पुढे तिचीच तीन प्यादी, मागची ओळ रिकामी. माझा हत्ती सरळ खाली उतरला आणि डाव संपला. तिने पाहिलं, घड्याळ थांबवलं, हात पुढे केला. मी हात मिळवला. सही केली. इथपर्यंत सगळं सरांच्या नियमाने झालं.

आणि मग मी उठले. टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला गेले, तिच्या खुर्चीच्या कडेला टेकले, आणि हत्ती मागे नेऊन तिच्या राजापुढचं कडेचं प्यादं एक घर सरकवलं. "इथे राजाला पळायला खिडकी उघडली असतीस ना..." असं काहीतरी म्हणाले, बहुधा हिंदीत. हे करताना मी काही विचार केला नव्हता. घशातून आवंढा जावा तशी मी तिच्याकडे गेले होते.

हेत्वीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ते मी इतक्या जवळून पाहायला नको होते.

"तू मने शीखवाडे छे?"

मला शिकवतेस का तू, असं. मग तिने हाताने सगळा पट लोटून दिला. एक उंट टेबलाखाली घरंगळत सरांच्या बुटाशी जाऊन थांबला. लायब्ररीतली सगळी मुलं वळून पाहू लागली, आणि मी तिच्या खुर्चीला टेकलेलीच, कारण उठायचं कसं ते मला समजत नव्हतं.

सोमवारी सरांनी बोलावलं. हेत्वीच्या मम्मीचा फोन आला होता. हरलेल्या मुलीच्या अंगावर जाऊन तिला हिणवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. सरांनी मला काही सांगायचंय का, असं विचारलं. सांगायचं होतं, पण ओट्याला इंग्रजीत काय म्हणायचं तिथेच मी अडकले. त्यांनी समोरची वही मिटली. मग शांतपणे म्हणाले, पुढच्या शुक्रवारपर्यंत वर्गासमोर हेत्वीची माफी मागायची. नाही तर बडोद्याला ती जाईल. "I have given my word to her mother," असंही म्हणाले. सर वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला एक चांगली गोष्ट शिकवताहेत.

घरी मी दोन दिवस काही बोलले नाही. पण आईला न बोलणंही वाचता यायचं. मी भाताची शितं ताटाच्या कडेला रांगेत लावत बसले होते, तेव्हा तिने खडे बाजूला ठेवले आणि सगळं काढून घेतलं.

"मंग सॉरी बोली टाक ना. तुन्हं काय जास त्यामा?"

"पण मी तिला चिडवलं नव्हतं."

"कोन म्हनस चिडवं म्हनीसन? त्या लोकेस्ले तसं वाटनं. बोल आनि मोकळी व्हय. बडोदं जावानं शे का नही तुले?"

पप्पा हात धुऊन आले होते, त्या दिवशी बोटं हळदी रंगाची होती. ते ऐकत राहिले. आईला वाटलं ते तिच्या बाजूने बोलतील, मला वाटलं माझ्या. त्यांनी फक्त विचारलं, "ती पोर रडनी?"

"हो."

"तू जवळ गयी म्हनीसन रडनी?"

मी मान हलवली.  त्यांनी भाकरी मोडली, परत ताटात ठेवली. मी त्यांना विचारलं, आपण असं का करतो, उठून तिकडे का जातो?  बहुतेक त्यांना हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"हारेल माणूसले एकलं सोडानं नही, बस," ते म्हणाले. पण ते 'बस' त्यांच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं.

त्या आठवड्यात माझे पाय जागेवर राहत नव्हते. वर्गात बाकाखाली टाच हलत राहायची, पुढची मुलगी वळून बघायची. सॉरी हा शब्द मी मनात सगळ्या भाषांत म्हणून पाहिला. म्हणता येत होता. मी असे शब्द रोजच म्हणायचे. धक्का मला लागला तरी सॉरी मीच म्हणायचे. पण वर्गासमोर उभं राहून तो म्हणायचा म्हणजे पप्पा वसंतकाकांच्या शेजारी जाऊन बसतात ते हिणवणं आहे, यावर सही करायची. आणि नाही म्हणायचा तर बडोदं गेलं. रात्री झोप लागायची, पण सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा.

मग रविवार आला. लोचो आला, पट पडला. मी चौकटीला टेकून उभी. वसंतकाकांनी नेहमीसारखा घोडा घुसवला, घालवला, आणि थोड्याच वेळात त्यांचा राजा कोंडला गेला. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि सवयीने डावीकडे सरकून जागा केली.

पप्पा उठले नाहीत.

ते खाली मान घालून सोंगट्या परत मांडू लागले. आधी हत्ती, मग घोडे. वसंतकाका तसेच अर्धवट सरकलेले, शेजारी एका माणसाची रिकामी जागा.

"काय भो, उठस नही का आज? पाय दुखी ऱ्हायनात का?"

"नही रे. मांड. दुसरा डाव मांड."

"पन मी कोठे मरनू ते ते सांग!"

"सोड ना. तुले माहीत शे."

वसंतकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. परत मधोमध सरकून बसले. मागचं खातं चालू होतं, पेले किणकिणत होते. पप्पांनी दुसऱ्या डावातही तसंच केलं. हे माझ्यामुळे होतं. दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीत घडलेल्या गोष्टीमुळे त्यांना आपल्याच ओट्यावर उठायची भीती वाटू लागली होती. इतकी वर्षं आपण या भल्या माणसाला दुखावत तर नव्हतो, असं त्यांच्या मनात आलं असणार. मी आत गेले आणि आईच्या हातातली साडी ओढून घेऊन खडे चिकटवत बसले, नीट चिकटेनात.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी हेत्वीला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. भाषा निवडायला थांबले नाही. गुजराती निघाली, मोडकी, निम्मी हिंदी. मी म्हणाले, आमच्या घरी जिंकणारा उठतो. हरलेल्याच्या बाजूला जाऊन बसतो आणि त्याची वाट शोधतो. माझे पप्पा असंच करतात. मी तुला हसायला आले नव्हते. तू रडलीस त्याचं मला वाईट वाटतं. तिकडे आले त्याचं नाही.

एवढं सलग मी शाळेत कधीच बोलले नव्हते. हेत्वीने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"पूछवुं तो हतुं ने," ती म्हणाली. विचारायचं तरी होतंस. मग एकदम चिडून, जणू हेच तिला इतके दिवस टोचत होतं, "ने तारी चाल खोटी हती!" आणि तुझी चालच चुकीची होती.

"काय?"

तिने मला हाताला धरून लायब्ररीत नेलं. पट काढला आणि तोच डाव भराभर मांडला, एकही सोंगटी न चुकता. ते कडेचं प्यादं पुढे सरकवलं, माझा हत्ती खाली उतरवला, आणि राजाला त्या उघडलेल्या खिडकीकडे नेऊन मध्येच थांबवला. "तारो बिशप तो त्यां ज ऊभो छे!"

माझाच उंट. लांबच्या घरातून तिरका, बरोबर त्या खिडकीवर डोळा ठेवून उभा. मी तिला जी वाट दाखवली होती ती माझ्याच उंटाने बंद केलेली होती. हेत्वी म्हणाली, मी घरी गेले, खूप रडले, आणि मग मम्मी फोनवर बोलत होती तेव्हा ती चाल मांडून पाहिली. तेव्हापासून रोज मांडतेय. वजीर मागे आणायचा होता, दुसरं काहीच नव्हतं. हे सांगताना ती माझ्या बाजूला आली होती, टेबलाचा कोपरा तिच्या कमरेला लागत होता, आणि तिला त्याचं भान नव्हतं. मला हसू आलं. तिला राग आला, मग तीही हसली, ओठ आत ओढून.

सर आले तेव्हा आम्ही एकाच बाजूला उभ्या होतो. हेत्वीने त्यांना सांगितलं की हिने मला सगळं सांगितलंय. सरांना बरं वाटलेलं दिसलं. ते म्हणाले, मग शुक्रवारी वर्गासमोर तेवढं एक वाक्य म्हण, संपलं. मी म्हणाले, "सर, मी तिच्याकडे गेले होते, वर्गाकडे नाही." एवढंच. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणाले, त्याहून हळू. हेत्वी काही बोलू लागली, सरांनी तिला हाताने थांबवलं. शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द पाळणारा माणूस होता तो.

बडोद्याला हेत्वी गेली. ती गेली त्या सकाळी मी बाकावर बसून पेनाचं टोपण चावून चपटं केलं. बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मोठेपणी लोक अशा गोष्टींबद्दल बोलताना म्हणतात की झालं ते चांगल्यासाठीच. मला ते कधी म्हणता आलं नाही. आई तर कितीतरी महिने भाकरी थापता थापता म्हणायची, "दोन अक्षरं बोलनी नही आनि बडोदं गमाडं!" ती चुकीचं म्हणत नव्हती.

आता मी हजिऱ्याकडच्या एका ऑफिसात आहे. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता फोनवर खेळते. डाव संपला की समोरचा नाहीसा होतो आणि पडद्यावर पुढच्या खेळाचं बटण येतं. जिंकले तरी मी ते बटण लगेच दाबत नाही. रस्त्यावर टँकर चाललेले असतात, बस हलत असते, आणि मी उगाच तो डाव उलटा फिरवून त्या न दिसलेल्या माणसाच्या बाजूने बघत बसते. शेजारची विचारते, हरलीस का? मी नाही म्हणते. आणि हो, आता आधी माझे उंट कुठे आहेत ते बघते.

पण त्या वेळचं एक सांगायचं राहिलं. वर्गासमोर न बोलल्यानंतरच्या रविवारी मी पप्पांना सगळं सांगितलं होतं. खिडकी, हत्ती, आणि माझाच उंट. पप्पा इतके हसले की डोळे पुसावे लागले, आणि डोळ्याखाली जांभळा रंग लागला. मग मी हेत्वीचं दुसरं वाक्यही सांगितलं, विचारायचं होतंस असं ती म्हणाली ते. त्यावर ते हसले नाहीत. त्यांनी ते कुठेतरी ठेवून दिलं.

पट पडला. वसंतकाका बसले, मधोमध, पाय पसरून. मागच्या रविवारनंतर आता सरकायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. घोडा घुसला, घोडा गेला. मात झाली. मांडीवर थाप पडली नाही. पप्पा पटाकडे बघत राहिले. त्यांचा एक हात ओट्याच्या कडेवर होता, उठणाऱ्या माणसाचा असतो तसा, पण ते उठत नव्हते. मी चौकटीवरून म्हणाले, "पप्पा, उठा ना."

ते उठले. पटाला वळसा घालून गेले आणि वसंतकाकांच्या शेजारी उभे राहिले. परक्याच्या दारात उभं राहावं तसे.

"वसंता, बठू का तुन्हाजोडे?"

वसंतकाका त्यांच्याकडे बघतच राहिले. "हाई काय नवीन काढं तू? इतला वरीसमा कधी इचारं नही, आनि आज इचारस? पोरनी शाळामा नाव घाली वना का?"

"सांग ना. बठू का?"

"बठ ना भो," वसंतकाका म्हणाले, आणि भिंतीकडे सरकून त्यांनी जागा केली, नेहमीपेक्षा थोडी जास्त. "बठ. आनि सांग लवकर, कोठे मरनू मी."